दऱ्या आणि दर्या

मंगळवार पेठेतल्या एका लहान वाचनालयाची पुस्तकयादी आम्ही दोघं मित्र संगणकावर चढवत होतो. ‘वाऱ्यावरची वरात’ डोळ्यांसमोर कपाटात होतं, यादीतही होतं. पण शोधलं की उत्तर यायचं, ‘सापडले नाही’. यादीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. त्याचा कोड उघडून बघायला, बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ओपन सोर्समधलं माझं पहिलं काम तिथून सुरू झालं. त्यातून शिकलो ते असं :

१. स्वतःला टोचतंय ते काम घ्या. त्याआधी दोन महिने मी मोठमोठे प्रकल्प चाळत होतो, कुठेच हात घालता येत नव्हता. इथे काय बिघडलंय ते मला रोज दिसत होतं.

२. दुरुस्तीआधी कारण शोधा. मित्राचा कीबोर्ड वेगळा, माझा वेगळा. युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. हे समजायला चार संध्याकाळी गेल्या. ते सगळं मी नीट लिहून प्रकल्पाच्या तक्रारयादीत ‘इश्यू’ म्हणून नोंदवलं.

३. परीक्षण करणाऱ्याचा प्रश्न मनावर घ्या. मी ते अदृश्य चिन्ह काढलं, ऱ चा र केला. पुस्तक सापडलं! लगेच पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला मराठीचा गंध नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं : आधी वेगळे असलेले कुठले शब्द आता एक झाले का?

मी आजीला विचारलं. ती म्हणाली, “दऱ्या आणि दर्या एकच का रे? एक गगनबावड्याला, दुसरा मालवणला.” मग आठवलं, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. गुरुजी आणि स्वयंपाकी मी एकाच रांगेत बसवले होते. मराठी येत नसलेल्या माणसानं माझ्या भाषेची माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली, हे मी विसरणार नाही.

४. कोडपेक्षा चाचण्या मोठ्या झाल्या तरी चालेल. नवी दुरुस्ती उलट दिशेची होती : र, हलन्त आणि जॉइनर असा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचा, साध्या र्य ला हात लावायचा नाही. कोड तीन ओळींचा. चाचण्यांत मात्र आजीची जोडी, आचाऱ्यांची जोडी आणि वरातही.

५. चुकेल म्हणून थांबू नका. “भावा, सगळ्यांचं मोडलं तर?” असं मित्र विचारायचा. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते, तो मागे घेता येतो. आणि मर्ज होईपर्यंत, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळेपर्यंत, मूळ प्रकल्पाला धक्काही लागत नाही.

अकरा दिवसांनी बदल मर्ज झाला. शनिवारी आजीला वाचनालयात नेलं. ‘वाऱ्यावरची वरात’ लगेच सापडलं. मग तिनं स्वतः सांगून मला ‘दऱ्या’ टंकायला लावलं आणि दर्या आला नाही ना, हे चष्मा लावून तपासलं.