आधी एक गुंठा, मग एक एकर

आपल्या लातूर-नांदेडकडं वावरात सोयाबीन असतं आणि माळवं बाजारातून येतं. काय पेरायचं ते गडी माणसं ठरवतात, खुरपण-काढणी मात्र आपल्या वाट्याला. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नुसत्या नगदी पिकावर राहिलं, की ते गेल्यावर चुलीपाशीही काही उरत नाही, हे दुष्काळानं दाखवलं.

त्यावर आपल्याच बायांनी वाट काढली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागात कामाला लागलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेसोबत अनेक महिलांनी घरच्यांकडून अर्धा ते एक एकर रान स्वतः कसायला मागून घेतलं. त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी घेतली. आधी घराला, उरलं ते विकायला. 2016 सालीच संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तुम्ही म्हणाल, आम्हाला एकदम एकर कोण देणार? मग एका गुंठ्यावर शिका. 40 गुंठ्यांचाच एकर होतो.

वाफे: 3 फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफा तुडवला जात नाही.

पेरणी: मेथी, पालक, कोथिंबीर एकाच दिवशी सगळी पेरू नका. दर 8-10 दिवसांनी एक वाफा पेरा. मेथी महिन्यात निघते, भेंडी-गवारीला दीड-दोन महिने लागतात. कडेला शेवगा, पपई लावा.

पाणी: आंघोळीचं पाणी वाळू-खडीतून गाळून शेवग्याच्या, पपईच्या बुडाला सोडा. पालेभाजीला नको.

जीवामृत: 20 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधाची माती कालवा. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा. आठवड्याभरात तयार होतं. पाण्यासोबत मुळाशी द्या.

हिशोब: हा धडा सगळ्यात मोठा. विकलं ते लिहाच, पण घरी खाल्लं तेही बाजारभावानं लिहा. आठवड्याला 200 रुपयांचं माळवं विकत आणायचं थांबलं, तर वर्षाला 10,400 रुपये वाचले. हा पैसा हातात दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. तुम्ही मोजा. सहा महिन्यांनी वही घरच्यांपुढं ठेवा आणि मग रान मागा. "मला जमतं" हे तुम्ही सांगायची गरज नाही, वहीच सांगेल.

पुढच्या बैठकीत बोलूया:
1. आपल्यापैकी किती जणी पीक स्वतः ठरवतात?
2. कुणाकडं कोणतं गावरान बी आहे? चिमूटभर घेऊन या, वाटून घेऊ.
3. पहिला वाफा कुणाच्या परसात घालायचा?