रुग्ण घरी आल्यावर औषधांचा सांभाळ

घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिनोली हे गाव आहे. तेथील एखाद्या घरची वृद्ध आई मंचर किंवा पुणे येथील इस्पितळातून परतली, असे समजू. घरात आनंद होतो, आप्तेष्ट भेटीस येतात. परंतु तिच्या पिशवीत नव्या गोळ्या असतात आणि फडताळात जुन्या गोळ्यांचा डबा तसाच असतो. जपावयाचे ते येथेच.

एकाच औषधास निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी नावे देतात. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन डब्यात एका नावाने असते, पिशवीत दुसऱ्या. ही दोन औषधे आहेत असे समजून घरची मंडळी दोन्ही देतात. मग रक्तदाब फार उतरतो, चक्कर येऊन रुग्ण पडतो, आणि लोक म्हणतात की दुखणे उलटले! मधुमेहाच्या कित्येक गोळ्या अशा दुप्पट झाल्या तर साखर उतरून बेशुद्धी येते. सांधेवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांची इजा टाळण्याची मोहीम आरंभिली, तीत रुग्णाची एका ठिकाणाहून दुसरीकडे रवानगी होण्याची वेळ विशेष जोखमीची मानिली आहे.

ह्यावर उपाय कोणता? पहिला, इस्पितळ सोडण्यापूर्वी जुना डबा तेथे न्यावा आणि विचारावे : ह्यांतील कोणते चालू ठेवावे, कोणते बंद करावे, नवे कोणते, किती दिवस? दुसरा, पट्टीवरील मूळ औषधाचे नाव वाचवून घेऊन सर्वांची एकच यादी करावी. तिसरा, औषध देण्याचे काम घरातील एकानेच पत्करावे. चौथा, बंद केलेल्या गोळ्या निराळ्या काढून औषधाच्या दुकानी विचारून त्यांची वाट लावावी. शेजाऱ्यास देऊ नयेत.

बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडणेही तितकेच घातक आहे. फेफरे, क्षय ह्यांवरील औषधांविषयी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. घाम, थरकाप, भ्रम दिसल्यास आणि मधुमेही रुग्ण शुद्धीवर असल्यास त्यास साखर द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

कोणी म्हणेल, आम्हांस वाचता येत नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली काम आरंभिले आणि अल्पशिक्षित व निरक्षर ग्रामीण स्त्रियांस आरोग्यसेविका केले. तेव्हा पट्टीवर सकाळच्या गोळीस सूर्य व रात्रीच्या गोळीस चंद्र काढणे आपणांस अशक्य नाही.

उपदेशक बंधूंनो, इस्पितळातून आलेल्याच्या भेटीस जाल तेव्हा कुशल विचारल्यावर एवढे अवश्य विचारा : जुना डबा कोठे आहे?