कोरीव खोगिराचे पैसे कुठे मुरतात?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शेरिडन हे गाव खोगिरांवरच्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. रानगुलाबाची लहान फुलं आणि एका वर्तुळातून दुसऱ्यात शिरणारे देठ ही तिथली नक्षी, डॉन किंग या कारागिरामुळे नावारूपाला आलेली. ती पाहिली की हात खिशाकडे जातोच. पण फुलांवर भाळून खोगीर घेणं म्हणजे चौकट पाहून घर घेणं. आधी खर्च उलगडून पाहू.

एकट्या कारागिराने हाताने बनवलेलं, नक्षी नसलेलं वेस्टर्न खोगीर साधारण ५,००० ते ६,००० डॉलरला पडतं. त्यात सामान दीड-दोन हजारांचं. सगळ्यात महाग असतो आतला लाकडी सांगाडा. त्याला तिथे ‘ट्री’ म्हणतात आणि तो कच्च्या कातड्याने मढवलेला असतो. चांगला ट्री ६०० डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. चामडं दीड ते दोन ‘साइड’ लागतं. साइड म्हणजे गुराचं अर्धं कातडं, २२ ते २६ चौरस फूट. चौरस फुटाला दहा-बारा डॉलर धरा. उरलेले पैसे लोकर लावलेलं अस्तर, कड्या, रिकिबी आणि तंग यांत जातात. बाकी सगळी मजुरी, साठ ते ऐंशी तासांची.

चामडं वनस्पतीजन्य सालीत कमावलेलंच हवं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, तोच प्रकार. सोफ्याचं किंवा पर्सचं चामडं बहुतेक वेळा क्रोममध्ये कमावलेलं असतं. त्यावर ठसा उमटला तरी टिकत नाही. जाडी पाच-सहा मिलिमीटर हवी. तिकडे ती औंसात सांगतात: १३ ते १५ औंस. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग.

आता नक्षी. कडेपुरती बॉर्डर दोन-तीनशे डॉलरमध्ये होते. टोपलीच्या विणीसारखा ‘बास्केट’ ठसा सगळीकडे हवा तर पाचशेच्या पुढे. अंगभर फुलं कोरून घ्यायची तर दीड ते तीन हजार, नावाजलेल्या हाताला त्याहूनही जास्त. पन्नास तास वाकून काम करणाऱ्याला तासाचे काय सुटतात, याचा हिशेब केला की घासाघीस करायची लाज वाटते. निदान मला तरी वाटली.

एका कारागिराकडे मी सकाळभर बसलो होतो. आदल्या संध्याकाळी त्याने चामडं पाण्यात बुडवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. सकाळी काढलं, उघड्यावर ठेवलं आणि चहा प्यायला बसला. रंग जवळपास मूळचा झाला तरी तो उठेना. मग तुकडा गालाला लावला. गार लागला, तेव्हा कुठे सुरी उचलली. ओलं जास्त राहिलं तर ठसा पसरट येतो. सुकलं तर सुरी अडखळते. नेमका ओलावा असेल तर ठोकणीच्या घावासरशी चामडं दबतं आणि त्या जागी आपोआप गडद तपकिरी छटा येते. ही छटा रंग लावून आणता येत नाही असं नाही, पण लावलेला रंग खाचेबाहेर ओघळलेला दिसतो. नखाने खाच चाचपून पाहा.

हातचं की साच्याचं, हे ओळखायला डावी-उजवी बाजू शेजारी धरा. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील आणि पाकळ्यांच्या कडा बोथट असतील तर साचा समजा. हातकामात सुरीचा काप स्पष्ट असतो, चामड्याच्या साधारण अर्ध्या जाडीपर्यंत गेलेला. मुरड घालून बघा. दर्शनी भागावर सुरकुत्या पडून चामडं सैल वाटलं, तर पोटाकडचं कातडं वापरलंय. असल्या खोगिरावरची फुलं ही निव्वळ खोगीरभरती.

वापरलेलं चांगल्या हातचं खोगीर निम्म्या किमतीत मिळू शकतं. पुढचा आणि मागचा उंचवटा दोन्ही हातांनी आत दाबा. मधेच लवलं तर ट्री मोडलाय, सोडून द्या. अस्तर झिजलंय, एवढंच असेल तर तीन-चारशे डॉलरमध्ये बदलून मिळतं.

तिकडून महाराष्ट्रात आणायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घोड्याचं माप घेतल्याशिवाय आणू नका. सारंगखेड्याच्या बाजारात दिसणारे मारवाडी, काठियावाडी घोडे पाठीने अरुंद, खांद्याजवळ उंच. अमेरिकी ट्री बहुधा रुंद पाठीच्या क्वार्टर हॉर्सच्या मापाचा. वर पंधरा किलोच्या आसपासच्या वजनाचं विमानभाडं आणि सीमाशुल्क. रोजच्या रपेटीला कानपूरचं साधं इंग्लिश खोगीर बसवून घ्या. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे.

ऑर्डर देताना ट्रीचं माप, चामड्याची जाडी, नक्षी नेमकी कोणत्या भागांवर आणि तयार होण्याचा महिना, एवढं लिहून घ्या. आगाऊ रक्कम तिसरा हिस्सा ते निम्मी मागतात आणि वर्षभर थांबावं लागणं नेहमीचं. पैसे कमी पडत असतील तर फुलं कमी करा, ट्री नको.

आणि पावसाळ्यात खोगीर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी पहिल्यांदा खाचांतच धरते. वारा लागेल असं लाकडी घोडीवर ठेवा, खाचा जुन्या टूथब्रशने झाडा, आणि नीट्सफूट तेल फडक्यावर घेऊन पुसटसंच लावा. जास्त तेल पाजलं की ती तपकिरी छटा सगळीकडे सारखी काळपट होते, आणि दीड हजार डॉलरची फुलं दोन हातांवरून दिसेनाशी होतात.