पोहणारा लाकडी मासा : कार्यानुभवाच्या तासासाठी एक उपक्रम



कार्यानुभवाच्या तासाला मुलं वस्तू बनवतात, आपण ती टेबलावर मांडतो, पाहुणे 'छान छान' म्हणतात आणि विषय संपतो. ती वस्तू आपलं काम करते का, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून आज अशी एक वस्तू घेऊ या, जिच्यात नुसत्या दिसण्याला काही किंमत नाही. ती म्हणजे गळाला लावायचा नकली मासा, ज्याला ल्यूर म्हणतात. तो कितीही सुरेख रंगवा, पाण्यात नीट पोहला नाही तर खरा मासा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

फिनलंडच्या मच्छीमाराची गोष्ट

ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. फिनलंडमध्ये पायान्ने नावाच्या मोठ्या सरोवरावर लाउरी रापाला नावाचा गरीब मच्छीमार होता. त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यावर येतो, तेव्हा तो जरा वेडावाकडा, लंगडत पोहणारा मासा हेरतो. मग तसाच लंगडणारा मासा आपणच केला तर?

१९३६ साली त्याचा पहिला जमलेला नकली मासा तयार झाला. बुचाचं लाकूड, चांभाराची सुरी आणि सँडपेपर एवढंच सामान! चमक यावी म्हणून वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली. लाखेचं रोगण मिळेना, तर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. पण त्याचं खरं कौशल्य पुढचं होतं. मासा पाण्यात ओढून बघायचा, चुकतो कुठे ते पाहायचं आणि पुन्हा हात फिरवायचा. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पोहोचली.

वर्गात कसा करायचा?

साहित्य : पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड किंवा बूच, सँडपेपर, पातळ तार, प्लॅस्टिकच्या डब्याचं टाकाऊ झाकण, लोखंडी खिळ्याचे तुकडे, व्हार्निश, दोरा. वजनासाठी शिसं वापरू नका, ते विषारी असतं. आणि वर्गात गळ अजिबात लावायचा नाही. आपल्याला मासे मारायचे नाहीत, पोहणं समजून घ्यायचं आहे.

कृती :
१. साधारण ८ सेंमी लांबीच्या लाकडावर मधोमध रेघ मारा. ही रेघ शेवटपर्यंत पुसू देऊ नका. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते तीच सांगते. सममिती शिकवायला याहून चांगली जागा नाही.
२. सुरीचं काम शिक्षकांनी करावं, घासायचं काम मुलांनी.
३. पोटाखाली छोटी खाच करून खिळ्याचा तुकडा बसवा. वजन खाली असलं की मासा उलटा होत नाही.
४. तोंडाशी खालच्या बाजूला झाकणाची कापलेली 'जीभ' तिरकी बसवा. दोरा ओढला की पाणी या जिभेवर आदळतं आणि मासा डावी-उजवीकडे डुलू लागतो.
५. नाकाशी तारेची छोटी कडी घट्ट बसवा. व्हार्निशचे दोन-तीन हात द्या, नाहीतर लाकूड पाणी पितं आणि तोल बिघडतो.

खरा तास आता सुरू होतो

लांबट टब किंवा हौद घ्या, मोठं माणूस शेजारी हवंच. मासा हळूहळू ओढा आणि पाहा :

- एका कुशीवर कलतो किंवा उलटा होतो : पोटातलं वजन कमी आहे किंवा मधल्या रेघेवर नाही.
- शेपूट खाली बुडते : वजन थोडं पुढे सरकवा.
- सरळ न येता डावीकडे पळतो : नाकाची कडी उजवीकडे अगदी केसभर वाकवा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे.
- डुलतच नाही : आधी दोऱ्याची गाठ बघा. घट्ट गाठीने नाक जखडतं, सैल फासाची गाठ मारली की मासा मोकळा हलतो. तरीही हलला नाही तर जीभ तपासा.
- फार खोल जातो : जीभ लांब आणि आडवी आहे. ती आखूड आणि जास्त उभी केली की मासा वरच्या थरात राहतो.

इथे एकच नियम कडक पाळायचा : एका वेळी एकच बदल. कडीही वाकवली आणि वजनही सरकवलं, तर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. प्रत्येक बदल वहीत लिहायचा : काय केलं, काय झालं. विज्ञानाचा प्रयोग म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं?

गुण कशाला द्यायचे?

रंगाला नाही. पहिल्या फटक्यात पोहला म्हणूनही नाही. गुण वहीतल्या नोंदींना. ज्याचा मासा चौथ्या खेपेला पोहला, त्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. त्यामुळे वेळेची विभागणीही उलटी करा : बनवायला दोन तास, तपासायला तीन. 'आनंददायी शनिवार'साठी हा उपक्रम छान बसतो.

पालकांना हात जोडून एक विनंती. मुलाचा मासा वाकडा पोहतोय म्हणून घरी तुम्ही तो सरळ करून देऊ नका. "आता काय बदलून बघशील?" एवढंच विचारा. दुरुस्त केलेला मासा शाळेत येईल, पण दुरुस्त करणं शिकायचं राहून जाईल.

आणि शेवटचं. नदीकाठच्या, खाडीकाठच्या शाळांत कोळी, भोई घरांतली मुलं असतात. गळ, दोरा, पाण्याची ओढ त्यांनी घरी पाहिलेली असते. एरवी पाठांतरात मागे पडणारं असं एखादं पोर या तासाला पुढे येऊन बाकीच्यांना गाठ मारायला शिकवू शकतं. त्या दिवशी खडू त्याच्या हातात द्या आणि आपण बाकावर बसा.