साध्या इंजिनाला टर्बो बसवावा का?

प्रश्न : माझ्याकडे 1.2 लिटरची साधी पेट्रोल कार आहे. चार माणसं बसली की घाटात ती दमते. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, ‘टर्बो किट बसवू, याच इंजिनातून दीडपट ताकद निघेल.’ हे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, पण हे काम इंजिनाच्या बाहेर कमी आणि आत जास्त आहे.

साधं इंजिन वातावरणाच्या दाबाने, म्हणजे सुमारे 1 बारने, जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. 0.5 बार जादा दाब दिला, की हवा जवळपास दीडपट होते. तेवढं जास्त पेट्रोल दिलं की ताकद वाढते. तुमच्या गॅरेजवाल्याचा हिशोब इथपर्यंत बरोबर आहे.

अडचण पुढे येते. दाबलेली हवा तापते. साध्या पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, आधीच 10 ते 12 असतो. त्यात ही तापलेली हवा आणखी दाबली, की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण पेट घेतं. हेच नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो.

जनरल मोटर्सने 1962 मध्ये दोन टर्बो कार आणल्या. शेव्हरोले कॉर्व्हेरमध्ये रेशो 8 पर्यंत उतरवला. ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये मात्र तो 10.25 ठेवला आणि नॉकिंग रोखायला पाणी व मेथॅनॉल फवारणारी वेगळी टाकी दिली. मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब कमी करी आणि गाडीचा जोर जाई. 1963 नंतर जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून त्यांना साधे कार्बुरेटर बसवून दिले.

म्हणून टर्बोसोबत दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) नवं ट्यूनिंग आणि टर्बोच्या बेअरिंगसाठी ऑइलची लाइन हवी. दाब जास्त ठेवायचा असेल तर मजबूत पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्लचही लागतो. कंपन्याही असंच करतात. भारतात 2020 साली आलेल्या पोलोची दोन्ही इंजिनं 999 सीसीची होती; साध्याचा टॉर्क 95 न्यूटन मीटर, टर्बोचा 175. पण टर्बोच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची वेगळी व्यवस्था होती.

शिवाय कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे : किट बसवू नका. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि क्लच तपासून घ्या, घाटात वेळेवर खालचा गिअर टाका. तरीही जोर कमी वाटला, तर ही गाडी विकून कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली घ्या.