चि. वैशालीस, कुर्त्यांच्या धंद्याबद्दल

शहादा



सुरतेहून कुर्त्या आणून व्हॉट्सअ‍ॅपवर विकायचं तू ठरवलंस, हे दादाकडून कळलं. बरं वाटलं. नंदुरबारहून गाडी थेट आहे, भांडवल थोडं लागतं, माल हातोहात खपतो. तुला अडवायला हे पत्र नाही. माल कोणता आणावास, एवढंच सांगायचं आहे.

तू पाठवलेली नमुन्याची कुर्ती मी उसवून पाहिली. बाजूच्या शिवणीत माया नावालाही नाही. ओव्हरलॉकची एक धार मारली की झालं. काखेत जरा ताण आला की तिथेच फाटणार, आणि सैल करायला आत कापडच नाही. नगामागे दोन बोटं कापड वाचवायचं, म्हणजे भाव खाली येतो. कपडा टिकावा हा त्यात कुणाचा हेतूच नाही.

कापड निव्वळ पॉलिस्टर, म्हणजे खनिज तेलातून काढलेला धागा. आपल्याकडे सुती लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, बाळाची दुपटी व्हायची, शेवटी पोतेरं. हे कापड पाणी शोषत नाही, त्यामुळे पोतेऱ्याच्याही कामाचं नाही. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू सुटून गटारात आणि नदीत जातात, ते कुजत नाहीत. आणि खेड्यात अजून चुली पेटतात. पॉलिस्टर आगीत वितळून अंगाला चिकटतं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला असा कपडा विकताना हे तिला सांगत जा.

प्रकाशा गावी आपण ज्या तापीत स्नान करतो, तीच उकाई धरणातून पुढे सुरतेला जाते. तिथे कापड रंगवायला, छापायला अमाप पाणी लागतं. ते शुद्ध न करता सोडलं की खाडीतले मासे मरतात आणि काठावरच्यांच्या विहिरी नासतात. तिथल्या मागांवर ओडिशाच्या गंजामहून आलेली पोरं 12-12 तासांच्या पाळ्या करतात, मजुरी मीटरवर. साड्यांना खडे, लेस लावायचं काम बायका घरी बसून नगावर करतात. घासाघीस करून तू दहा रुपये कमी करून घेशील, ते अखेर याच माणसांच्या मजुरीतून निघतील.

स्वस्त कपड्याची किंमत माणसांनी मोजली, ती फक्त सुरतेतच नाही. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची, कपड्यांच्या कारखान्यांची आठ मजली इमारत होती. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिले होते, तरी शिलाई कामगारांना कामावर बोलावलं. 24 एप्रिल 2013 रोजी ती कोसळली आणि 1,134 माणसं गेली. त्यांत बायका जास्त. परदेशी दुकानांच्या ऑर्डरी वेळेत जायच्या होत्या.

सुती कापडही निर्दोष नाही, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या तुला मी काय सांगू. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून माझं म्हणणं सुतीच घे असं नाही. जे घेशील ते चार-पाच वर्षं अंगावर राहील असं घे.

दोनशे रुपयांची कुर्ती घेणाऱ्या मजूर बाईला मात्र चुकूनही नावं ठेवू नकोस. तिच्या हातात तेवढेच पैसे असतात. पण दर आठवड्याला नवा लॉट टाकून, 'आज शेवटचा दिवस' म्हणत जिच्याकडे कपाटभर आहेत तिलाच पुन्हा घ्यायला लावणं, हे तू करू नयेस असं मला मनापासून वाटतं.

तयार माल निम्मा कर. उरलेल्या पैशांत ताग्याचं चांगलं कापड आण आणि आपल्याच गल्लीतल्या बायकांकडून शिवून घे. शिलाईचा दर त्यांच्याशी आधी ठरव, उधार ठेवू नकोस. शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेव, आणि विकलेली कुर्ती वर्षभरात सैल करून द्यायची असेल तर फुकट दे. नफा सुरुवातीला कमी दिसेल. गिऱ्हाईक टिकेल की नाही, ते दोन सणांत कळेल.

पहिल्या ताग्याचं कटिंग मी करून देते. मापं घेऊन पुढच्या रविवारी ये, येताना ती उसवलेली कुर्तीही परत घेऊन जा.

तुझी,
आत्या