शेवटच्या वेस्ट झोननंतर

विद्यापीठाचा कलर कोट अंगावर चढला की वाटतं, आता पुढचं आपोआप होईल. तसं होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडून मी बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड म्हणून वेस्ट झोन आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले. आज शाळेत खेळाची शिक्षिका आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मैदानांवर ज्या पोरी रोज संध्याकाळी घाम गाळतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, पदवी संपली की बहुतेकींचा खेळही संपतो. पुरुषांच्या कबड्डीला आज प्रो लीग आहे. बास्केटबॉलला पुढचा जिना रेल्वे, पोलीस अशा मोजक्या संघांचा. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली, भारताची कर्णधार झाली. तिच्याकडे बघून जरूर खेळा. पण संघात बाराच जागा असतात, हेही लक्षात असू द्या.

माझा गुडघा गेला तो सरावात. रिबाउंड घेऊन खाली आले, पाय टेकला, धड वळलं आणि गुडघा आत झुकला. कुणाचा धक्काही नव्हता. आत कट् असा आवाज आला, तासाभरात गुडघा भोपळ्यासारखा सुजला. जो तो सांगत होता, मालिश कर, लेप लाव. पंधरा दिवसांत सूज उतरली, चालता यायला लागलं आणि सगळ्यांना वाटलं, बरी झाली पोरगी. फसगत इथेच होते. एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) तुटलेल्या गुडघ्याने सरळ चालता येतं, पण पिव्हट घेतला की तो निसटतो, आणि प्रत्येक निसटण्यात आतली गादी झिजते. ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. म्हणून आवाज आला, लगेच सूज चढली आणि पाय भरवशाचा वाटेना, तर मालिश नको. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तर एमआरआय करा. ऑपरेशन झालं तर निदान नऊ महिने सामना नाही, मग कोच काहीही म्हणोत. आणि दुखापतीआधीच, उडी मारून खाली येताना गुडघे आत झुकू न देण्याचा सराव रोजच्या वॉर्म-अपमध्ये ठेवा. दहा मिनिटं लागतात.

घरी बसल्यावर सर्वांत जड जाते ती संध्याकाळची पाचची वेळ. पाय आपोआप बूट शोधतात. भूक खेळाडूची राहते, पळणं बंद झालेलं असतं. मैत्रिणी स्पर्धेला गेलेल्या, फोनवर त्यांचे फोटो. घरचे म्हणतात, आता खेळ पुरे. मग रडू येतं. ते कमकुवतपणाचं नसतं. इतक्या वर्षांचं रोजचं काम एका दिवसात हातातून गेलेलं असतं. अशा वेळी मैदान पूर्ण सोडू नका. मी स्कोअरशीटच्या टेबलावर बसायला लागले, नंतर शिट्टी हातात घेतली. पंचाची परीक्षा खेळत असतानाच देता येते, मानधन थोडं असतं, पण नियम पाठ होतात आणि ओळखी टिकतात.

खेळत असतानाच कागदांकडेही लक्ष द्या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर ते मिळेलच असं नाही. स्पर्धा कोणती आणि क्रमांक कितवा, हे बघतात. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. नाव, जन्मतारीख दहावीच्या सनदेशी जुळते का, हे स्पर्धा संपताच तपासा. संघ पांगल्यावर दुरुस्तीला कुणी सापडत नाही.

शिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड.च्या सीईटीत मैदानी चाचणीही असते, म्हणजे गुडघा तिथेही लागतो. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे (एनआयएस) अभ्यासक्रम आहेत. यांची चौकशी दुसऱ्या वर्षाला असतानाच करा, शेवटच्या वर्षात स्पर्धा आणि परीक्षा एकत्र येतात आणि डोकं चालत नाही.

क्रीडा संचालकांना आणि कोचना माझी विनंती आहे: सराव शिबिरात एक दिवस फिजिओला बोलवा आणि एक दिवस मुलींची कागदपत्रं घेऊन त्यांच्यासोबत बसा.